रक्त चढवताना वॉर्डात नेमकं काय तपासायचं? एका सिस्टरांच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या ठिकाणचं शंभर खाटांचं खासगी रुग्णालय. स्वतःची रक्तपेढी नाही, पण साठवण केंद्र आहे आणि जिल्ह्याच्या रक्तपेढीकडून पिशव्या येतात. महिन्याला चाळीस-पन्नास पिशव्या लागतात. दर्जाचं काम पाहणाऱ्या सिस्टर दर महिन्याला रक्त दिलेल्या रुग्णांचे केस पेपर तपासतात, मोठा तक्ता भरतात आणि निकाल दरवेळी शंभर टक्के येतो. वर्षभरात रिॲक्शन एकही नाही. बाहेरून आलेल्या तपासनिसांनी नेमकं यावरच बोट ठेवलं. ‘सगळे रकाने भरलेले असताना चुकलं कुठे, आणि आता पाहायचं तरी काय?’ असं त्या विचारतात.

सिस्टर, तपासनीस बरोबर बोलले. वर्षाला पाचशेच्या वर पिशव्या चढतात आणि त्यात एकालाही थंडी वाजली नाही, अंगावर गांधी उठल्या नाहीत, अंशभर ताप चढला नाही, असं होत नसतं. साधा ताप आणि ॲलर्जी या रिॲक्शन दर काही शे पिशव्यांमागे येतातच. तुमच्याकडेही आल्या असणार. रात्रपाळीच्या सिस्टरनं एव्हिल आणि हायड्रोकॉर्ट ही ॲलर्जीवरची औषधं दिली असतील, आरएमओनं, म्हणजे निवासी डॉक्टरांनी, फोनवर ‘बीटी (रक्त चढवणं) स्लो करा’ म्हटलं असेल, ताप उतरला असेल आणि केस पेपरवर ‘बीटी अनइव्हेंटफुल’, म्हणजे काही त्रास न होता रक्त दिलं, असं लिहून विषय संपला असेल.

खात्री करायची असेल तर औषधांच्या बाजूनं उलट शोधत या. गेल्या तीन महिन्यांत ज्यांना रक्त दिलं त्यांचा औषधांचा चार्ट काढा आणि पिशवी सुरू झाल्यानंतरच्या काही तासांत कुणाला एव्हिल, हायड्रोकॉर्टिसोन किंवा पॅरासिटामॉलचं इंजेक्शन गेलंय ते पाहा. फार्मसीच्या बिलावरूनही हे निघतं. जिथे जिथे मी हे करायला लावलं तिथे न नोंदलेल्या रिॲक्शन सापडल्या आहेत. एक अडचण येईल. काही डॉक्टर पिशवी लावण्याआधीच सरसकट एव्हिल लिहितात. त्याचा सरसकट उपयोग होतो असा पुरावा नाही, उलट सुरुवातीची लक्षणं झाकली जातात. त्यामुळे ‘आधी दिलेलं’ आणि ‘नंतर दिलेलं’ वेगळं मोजा. आधी देण्याची पद्धत तुमच्याकडे किती रुळली आहे, हेही त्यातच कळेल.

आता तुमच्या तक्त्याकडे येते. ‘संमतीपत्र आहे का, दोन सह्या आहेत का, नाडी-बीपी लिहिलंय का’ असे त्यातले बहुतेक रकाने कागदावर काही लिहिलंय की नाही एवढंच विचारतात. लिहिलेलं खरं आहे का, हे कुठलाच रकाना विचारत नाही. त्यासाठी माझ्या अनुभवात सर्वांत उपयोगी पडतात त्या घड्याळाच्या नोंदी. पिशवी साठवण केंद्रातून कधी निघाली, वॉर्डात कधी पोचली, कधी सुरू झाली आणि कधी संपली, या चार वेळा. गंमत अशी की या चार वेळा वेगवेगळी माणसं वेगवेगळ्या जागी लिहितात. इश्यू रजिस्टर टेक्निशियनचं, बीटी नोट वॉर्डातल्या सिस्टरची, शिवाय पाळी बदलतानाचं हँडओव्हर बुक आणि ऑपरेशन असेल तर भुलेचा चार्ट. त्या एकमेकांशेजारी मांडा.

एका रुग्णालयातली एक फाइल मला अजून स्पष्ट आठवते, कारण ती दिसायला अगदी आदर्श होती. पिशवी दुपारी 1.30 ला सुरू, 4.30 ला समाप्त. सुरुवातीला, पंधरा मिनिटांनी आणि मग दर अर्ध्या तासानं नोंद, सगळ्या एकाच पेनानं, एकाच हातानं, ओळीत ओळ. ताप प्रत्येक वेळी 98.6, नाडी 78, 80, 78, 80. दोन सह्या, स्टिकर जागच्या जागी. मग मी इश्यू रजिस्टर मागवलं. पिशवी निघाली होती 12.05 ला. म्हणजे ती दीड तास कुठेतरी पडून होती, बहुधा नर्सिंग स्टेशनच्या टेबलावर, कारण रुग्ण सोनोग्राफीला गेला होता. हँडओव्हर बुकात संध्याकाळच्या सिस्टरनं रात्री 8 वाजता प्रामाणिकपणे लिहिलं होतं, ‘बेड 12 बीटी चालू, थोडं बाकी’. सव्वाबारालाच जी पिशवी लागायला हवी होती ती रात्री आठलाही चालूच होती. तक्त्यात तिला पूर्ण गुण होते.

तीस मिनिटं आणि चार तास हे आकडे पाठ सगळ्यांना असतात, कारण मात्र कमी जणांना माहीत असतं. लाल पेशींची पिशवी 2 ते 6 अंशांवर असते तोवर त्यात चुकून शिरलेले बहुतेक जंतू फारसे वाढत नाहीत. बाहेर आली की वाढू लागतात. म्हणून तीस मिनिटांत सुरू करायची, नाहीतर तोवर परत पाठवायची. त्यानंतर परत आलेली पिशवी फ्रीजमध्ये ठेवून दुसऱ्याला द्यायची नाही. आणि सुरू केल्यापासून चार तासांत संपवायची. एखाद्या म्हाताऱ्या रुग्णाला हृदयाच्या कारणानं तेवढ्या वेळात झेपणार नसेल, तर रक्तपेढीला आधीच सांगून लहान पिशवी किंवा विभागून मागवा. सहा तास लोंबकळत ठेवणं हा उपाय नव्हे.

पण घड्याळानंही सगळं कळत नाही. सर्वांत भयंकर चूक म्हणजे एकाचं रक्त दुसऱ्याला लागणं, आणि ती कागदावर जवळजवळ कधीच दिसत नाही. कारण चूक होते तेव्हा कागद बरोबरच असतात, माणूस चुकीचा असतो. ब्रिटनमध्ये 1996 पासून ‘शॉट’ नावाची योजना देशभरातल्या अशा घटना गोळा करते. तिच्या अहवालांत वर्षानुवर्षं एकच गोष्ट दिसते: बहुसंख्य घटना रक्तातल्या दोषामुळे होत नाहीत, माणसांच्या हातून होतात. नमुना घेताना, लेबल लावताना, पिशवी उचलताना, खाटेपाशी.

आणखी एक हिशेब मांडून पाहा. आपल्याकडे ओ आणि बी हे गट सर्वांत जास्त आढळतात. कुणाचीही लाल पेशींची पिशवी कुणालाही लावली तरी साधारण निम्म्या वेळा एबीओ गट नशिबानं चालून जातो. म्हणजे जेव्हा एखादी उघड दुर्घटना होते, तेव्हा तशीच एखादी अदलाबदल काही न होता, कुणालाही न कळता, आधी होऊन गेलेली असण्याची दाट शक्यता असते. नशीब साथ देत नाही तेव्हा मात्र पाच-दहा मिलिलीटर रक्तसुद्धा पुरतं. रुग्णाच्या रक्तात आधीपासूनच असलेल्या अँटिबॉडी त्या पेशींवर तुटून पडतात, पेशी रक्तवाहिनीतच फुटतात, कंबर दुखू लागते, लघवी लाल होते, बीपी कोसळतं, मूत्रपिंडं बंद पडू शकतात.

म्हणून कागद सोडा आणि महिन्यातून काही वेळा नुसतं उभं राहून पाहा. सुरुवात पिशवीपासून करू नका, नमुन्यापासून करा. आपल्या वॉर्डांत सकाळी काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. सिस्टर किंवा इंटर्न नर्सिंग स्टेशनवर बसून सात-आठ बल्बवर, म्हणजे रक्ताचा नमुना घ्यायच्या नळ्यांवर, आधीच नावं लिहून ठेवतात आणि ट्रे घेऊन निघतात. एक रुग्ण बाथरूमला गेलेला असतो, क्रम मोडतो आणि बल्ब बदलतो. नियम एकच आहे: रक्त काढायचं, तिथेच खाटेपाशी, रुग्णाला विचारून, बल्बवर नाव आणि रुग्ण क्रमांक लिहायचा, मगच पुढे जायचं. तुम्हाला पाहायचंय ते एवढंच की लेबल कुठे लिहिलं गेलं. क्रॉसमॅचच्या, म्हणजे पिशवीतलं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का ते पाहण्याच्या चाचणीच्या, बल्बवर फक्त नाव असेल, क्रमांक नसेल, तर टेक्निशियननं तो परत पाठवायला हवा. ‘सर रागावतील’ म्हणून तो स्वतः क्रमांक लिहून घेत असेल, तर तीही निरीक्षणातली नोंद आहे. महिन्यात एकही नमुना परत गेला नाही, असं असेल तर त्याचा अर्थ सगळे नमुने चोख आहेत असा काढू नका.

नावांचा घोळ आपल्या भागात वेगळाच असतो. बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुलीचं नाव आधारवर सासरचं, जुन्या तपासणीच्या कार्डावर माहेरचं, आणि आई घाईत तिसरंच, म्हणजे घरी हाक मारायचं नाव सांगते. एकाच गावातल्या, एकाच आडनावाच्या दोन बायका एकाच वेळी प्रसूतिकक्षात असणं यात नवल काही नाही. त्यात आपण ‘बेड नंबर सहाची पिशवी आली का?’ असं बोलतो, आणि रात्री बेड सहाची बाई ऑपरेशन थिएटरजवळ म्हणून बेड दोनवर हलवलेली असते. माझं ठाम मत आहे: खाटेचा क्रमांक रक्ताच्या कुठल्याही कागदावर नसावा. मनगटावर पट्टा, त्यावर पूर्ण नाव आणि रुग्ण क्रमांक. पट्टा नाही तर पिशवी नाही. पट्टा केस पेपरला स्टेपल केलेला किंवा खाटेच्या दांड्याला बांधलेला सापडला, तर तो नाही असं समजा.

ज्या रुग्णाचा गट तुमच्या केंद्राच्या नोंदीत आधी नाही, त्याचा दुसरा नमुना वेगळ्या वेळी, शक्यतो वेगळ्या माणसाकडून घ्यायचा आणि दोन्ही जुळले तरच त्याच्या गटाचं रक्त द्यायचं. चुकीच्या माणसाचा नमुना पकडायला यापेक्षा स्वस्त युक्ती मला माहीत नाही. एकदाच काढलेलं रक्त दोन बल्बमध्ये घालून ‘दुसरा नमुना’ म्हणून पाठवतात, तेवढं मात्र पाहा. आणि रुग्णाच्या खिशातलं ‘माझा गट ए पॉझिटिव्ह’ असं छापलेलं कार्ड गट ठरवायला कधीच चालत नाही.

साठवण केंद्रात गट तपासताना फक्त पेशींची तपासणी होते की सीरमचीही (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पातळ भागाची), हे टेक्निशियनला एकदा विचारा. हा प्रश्न महाराष्ट्रात विचारायलाच हवा. 1952 साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ज्याचा शोध जाहीर केला तो बॉम्बे रक्तगट नुसत्या पेशी तपासल्या की ओ दिसतो. पण त्या माणसाला ओ रक्त चालत नाही, कारण ओ पेशींवर असणारं एच अँटिजेन नावाचं रसायन त्याच्या पेशींवर नसतं आणि सीरममध्ये त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी असते. सीरमची तपासणी केली तर तो ओ पेशींशीही गुठळ्या दाखवतो आणि लगेच पकडला जातो. असे लोक थोडेच, पण या टप्प्याला फाटा दिलेला असेल तर रात्री दोन वाजता एकही ओ पिशवी क्रॉसमॅच होत नाही आणि सगळे टेक्निशियनच्या मागे लागतात. त्या दबावाखाली कुणी ‘थोडी गुठळी आहे, चालेल’ म्हणू नये, एवढ्यासाठी हा प्रश्न.

आता खाटेपाशी. दोन सह्या म्हणजे दोन माणसं असं तुमचा तक्ता धरून चालतो. प्रत्यक्षात एक सिस्टर नर्सिंग स्टेशनवर पिशवी आणि केस पेपर जुळवते, दुसरी येता-जाता सही करते. पिशवी कागदाशी जुळली, पण रुग्णाशी कुणीच जुळवली नाही. दोघींनी खाटेपाशी, पिशवी हातात घेऊन, रुग्णाकडून नाव वदवून घ्यायचं. ‘सुनीताबाई ना तुम्ही?’ असं विचारलं तर गुंगीतली, घाबरलेली, कमी ऐकू येणारी बाई ‘हो’च म्हणते. ‘तुमचं पूर्ण नाव सांगा’ असं विचारायचं. मग पट्टा, क्रॉसमॅचचं लेबल, पिशवीचा क्रमांक, गट, मुदत, आणि पिशवीकडे एकदा नीट डोळ्यांनी: गळती, गुठळ्या, काळपट-जांभळा रंग. तुम्ही उभ्या असताना सगळ्या नीटच वागतील, हे खरं. तरी नेमकं काय विसरलं जातं ते दिसतंच, कारण जे रोज होत नाही ते पाहुणा आल्यावरही जमत नाही. मी सांगते म्हणून एक प्रयोग करा: सिस्टर पिशवी लावत असताना मध्येच तिला कुणी हाक मारतं का ते मोजा. जवळजवळ प्रत्येक वेळी मारतात.

पहिली पंधरा मिनिटं हा सगळ्याचा गाभा आहे. गंभीर रिॲक्शन बहुधा तेव्हाच तोंड दाखवते, म्हणून थेंब हळू ठेवायचे आणि कुणीतरी जवळ राहायचं. सुरुवातीच्या नाडी, बीपी, तापमान आणि श्वासाच्या नोंदी पिशवी लागण्याआधी तासाभराच्या आत, मग पंधरा मिनिटांनी, आणि संपल्यावर, या तीन नोंदी सोडता येत नाहीत. मधल्या नोंदी तुमच्या धोरणाप्रमाणे. माझ्या मते दर पंधरा मिनिटांनी नोंद करा असा नियम केला की सगळ्या खोट्या होतात. रात्री एका सिस्टरकडे तीस रुग्ण असताना ते अशक्यच असतं. शक्य तेवढाच नियम करा, पण तो खरा करवून घ्या. श्वासाचा वेग मात्र कुणीच मोजत नाही, सगळीकडे 18 किंवा 20 लिहिलेलं असतं. रक्तानं फुप्फुसात पाणी झालं तर पहिली सूचना तिथेच मिळते.

हा धोका तालुक्याच्या रुग्णालयांत मोठा आहे आणि कमी ओळखला जातो. हिमोग्लोबिन चार असलेली नऊ महिन्यांची गर्भवती, किंवा वर्षानुवर्षं मूळव्याधीतून रक्त गेलेले सत्तरीचे आजोबा. त्यांचं हृदय आधीच ताणलेलं असतं. घाईनं दोन पिशव्या लागोपाठ लावल्या की पहाटे धाप लागते आणि सगळे म्हणतात ‘हार्ट फेल्युअर झालं’. रक्तामुळे झालं, हे कुणी लिहीत नाही. ही अडचण रक्त संपल्यानंतर बारा तासांपर्यंतही येऊ शकते. म्हणून तपासणी करताना एकाच दिवशी दोन किंवा जास्त पिशव्या लागलेले, रक्तस्राव नसलेले रुग्ण वेगळे काढा आणि दोन पिशव्यांच्या मध्ये कुणी छाती तपासली का, हिमोग्लोबिन पाहिलं का, ते बघा. प्रौढ माणसात एका पिशवीनं हिमोग्लोबिन साधारण एकानं वाढतं. एक द्या, तपासा, मग दुसरी ठरवा.

इथेच सर्वांत नाजूक विषय निघतो: मुळात रक्त द्यायला हवं होतं का? ज्या पिशवीची गरजच नव्हती ती कितीही नियमात दिली तरी धोका फुकटचा. मागणीच्या फॉर्मवर कारणाच्या जागी नुसतं ‘ॲनिमिया’ किंवा ‘ऑपरेशनसाठी’ असेल तर ते कारण धरू नका. स्थिर, रक्तस्राव नसलेल्या रुग्णाला सर्वसाधारणपणे हिमोग्लोबिन सातच्या खाली गेल्यावर, हृदयरोग्याला किंवा हाडांच्या मोठ्या ऑपरेशननंतर आठच्या आसपास, असा आजचा मापदंड आहे. साडेआठ हिमोग्लोबिन असलेल्या, लोह कमी असलेल्या बाईला ऑपरेशनच्या आदल्या रात्री पिशवी लावण्यापेक्षा तीन आठवडे आधी शिरेतून लोह दिलं असतं तर काम झालं असतं. हे डॉक्टरांना सिस्टरनी सांगायचं नसतं, मला कल्पना आहे. तुम्ही फक्त मोजा आणि आकडा रक्तसंक्रमण समितीपुढे ठेवा. डॉक्टरचं नाव न घालता, विभागवार. स्वतःच्या विभागाचा आकडा शेजारच्या विभागाशेजारी दिसला की पुढचं आपोआप होतं.

पावसाळ्यात डेंग्यूच्या प्लेटलेटचंही तसंच. चाळीस हजारांवर आकडा आला की नातेवाईक हातघाईवर येतात. रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या वर प्रतिबंध म्हणून प्लेटलेट सहसा लागत नाहीत. वॉर्डात आणखी एक गोष्ट हमखास पाहा: आलेल्या प्लेटलेट कुणी फ्रीजमध्ये तर ठेवत नाही ना? त्यांना 20 ते 24 अंश आणि सतत हलतं ठेवणारं यंत्र लागतं, थंडीत त्या निकामी होतात. वॉर्डात आल्या की लगेच लावायच्या.

रक्त गरम करण्याच्या घरगुती पद्धतींबद्दल कुठल्याच तक्त्यात रकाना नसतो, पण त्या सर्रास चालतात. नळाच्या गरम पाण्याच्या भांड्यात बुडवणं, हीटरजवळ ठेवणं, नातेवाइकाला ‘काखेत धरून बसा’ सांगणं. 42 अंशांच्या वर गेलं की पेशी फुटू लागतात आणि ओल्या पिशवीच्या तोंडाशी जंतू शिरतात ते वेगळंच. ठरावीक वेगानं एक पिशवी द्यायची असेल तर ती गरम करावी लागतच नाही. खूप वेगानं, खूप रक्त द्यायचं असेल किंवा नवजात बाळाचं रक्त बदलायचं असेल तर यंत्र वापरा. तसंच, पिशवीच्या नळीत सलाइनशिवाय काही जाऊ नये. आरएलच्या (रिंगर लॅक्टेटच्या) बाटलीतल्या कॅल्शियममुळे गुठळ्या होतात, डेक्स्ट्रोजमुळे पेशी फुगून फुटतात. त्याच कॅन्युलातून अँटिबायोटिक सोडलेलं दिसलं तर तेही टिपा.

साठवण केंद्राबद्दल थोडक्यात. वर्षाला 2000 पिशव्यांपर्यंत वापर असलेल्या अशा केंद्रांना पूर्ण परवान्यातून सूट आहे, पण अन्न व औषध प्रशासनाची मंजुरी आणि अटी आहेतच. रक्ताचा फ्रीज घरगुती नको, त्यात इन्सुलिन, लस, कुणाचा डबा काहीही नको. तापमानाचा आलेख पाहताना सरळ रेषेवर खूश होऊ नका. फ्रीज उघडतो-बंद होतो, रेषा थोडी हलायलाच हवी. गेल्या महिन्यात वीज किती वेळा गेली ते लाइनमनला नाही तर तुमच्या जनरेटरच्या डिझेल रजिस्टरला विचारा, आणि त्या तासांत आलेखावर काय दिसतं ते जुळवा. अलार्म वाजतो का, आणि रात्री तो ऐकायला तिथे कुणी असतं का? जिल्ह्यावरून पिशव्या आणताना नातेवाइकाच्या मोटारसायकलला थर्मोकोलचा डबा लटकावलेला मी आजही पाहते. बर्फ पिशवीला टेकला की त्या बाजूच्या पेशी गोठून फुटतात. डबा रुग्णालयाचा, माणूस रुग्णालयाचा आणि डबा उघडताना तापमानाची नोंद, एवढं झालं तरी पुष्कळ.

रिॲक्शन आली तर काय करायचं, हे भिंतीवर लावलेलं असतंच: पिशवी बंद, नळी बदलून सलाइन चालू, डॉक्टरांना बोलवा, नाव-क्रमांक पुन्हा जुळवा, पिशवी नळीसकट आणि नवे नमुने केंद्राकडे, लघवीचा रंग पाहा. तुम्ही तपासायचं ते दोन गोष्टी. एक, वापरलेल्या पिशव्या कुठे जातात? सफाईच्या मावशी पिशवी संपल्या संपल्या पिवळ्या बॅगेत टाकत असतील तर रात्री दहाला आलेल्या तापाचा सकाळी तपास करायला हातात काही उरत नाही. निदान दिवसभर तरी ती राखून ठेवायची व्यवस्था करा. दोन, भुलेखालच्या रुग्णाला कंबरदुखी सांगता येत नाही. तिथे विनाकारण कोसळलेलं बीपी, जखमेतून थांबत नसलेला रक्तस्राव आणि कॅथेटरमधली लाल लघवी हीच तोंड उघडणारी लक्षणं. थिएटरमधल्या पिशव्यांची तपासणी बहुतेक ठिकाणी होतच नाही, कारण वॉर्डाच्या तक्त्यात त्या बसत नाहीत. खरं तर तिथेच सुरुवात करावी.

ज्या रक्तपेढीची पिशवी आहे तिला प्रत्येक रिॲक्शन कळवायचीच, आणि हे शिष्टाचार म्हणून नव्हे. एका दात्याच्या रक्तातून लाल पेशी तुमच्याकडे आल्या, प्लाझ्मा आणि प्लेटलेट दुसऱ्याच गावच्या रुग्णालयात गेले असतील. तुमच्या पिशवीत जंतू निघाले तर तिकडची पिशवी लागायच्या आत थांबवता येते. देशपातळीवर 10 डिसेंबर 2012 पासून हिमोव्हिजिलन्स, म्हणजे रक्ताच्या रिॲक्शनवर नजर ठेवण्याचा, कार्यक्रम चालू आहे. नोएडाच्या राष्ट्रीय जैविक संस्थेकडे या नोंदी जमा होतात. त्यात कळवणाऱ्यावर कारवाई होत नाही, नाव गुप्त राहतं. तुमची रक्तपेढी त्यात नोंदलेली आहे का ते विचारा आणि तुमचे फॉर्म तिच्यामार्फत जाऊ द्या. उशिरा येणारी रिॲक्शनही आहे: आठवड्याभरानं कावीळ, हिमोग्लोबिन पुन्हा खाली. तोवर रुग्ण घरी गेलेला असतो. डिस्चार्ज कार्डावर ‘रक्त दिलं, अमुक तारखेला, इतक्या पिशव्या’ हे मराठीत लिहिलेलं असावं. विदर्भात किंवा नंदुरबारकडे सिकलसेलच्या आणि कुठेही थॅलेसेमियाच्या रुग्णाला वारंवार रक्त लागतं, त्याच्या बाबतीत तर ही ओळ सोन्यासारखी. मागणीच्या फॉर्मवर ‘पूर्वी रक्त दिलं होतं का, गर्भारपण झालं होतं का’ हे रिकामं सोडलेलं असतं, तेही याच कारणानं मोजा. गेल्या तीन महिन्यांत रक्त दिलेल्या किंवा गर्भवती असलेल्या रुग्णाचा क्रॉसमॅचचा नमुना तीन दिवसांपेक्षा जुना चालत नाही.

पुढच्या महिन्यापासून काय करावं, असं विचाराल तर पन्नासच्या पन्नास केस पेपर तपासू नका. दहा पिशव्या निवडा, त्यातल्या निदान चार रात्रीच्या आणि दोन थिएटरच्या, आणि त्या नमुन्यापासून डिस्चार्ज कार्डापर्यंत मागे-पुढे माग काढत पूर्ण तपासा. आणखी पाच पिशव्या प्रत्यक्ष उभं राहून पाहा. दोन वेळा नमुना घेताना, तीन वेळा लावताना. रात्रीच्या पाळीत तातडी नसताना लावलेल्या पिशव्या वेगळ्या मोजा. त्या सकाळपर्यंत थांबू शकल्या असत्या का, हा प्रश्न समितीला विचारता येतो. समितीची बैठक तीन महिन्यांनी, भूलतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ हवेतच, आणि साठवण केंद्राचा टेक्निशियन. त्याला बहुतेक जण बोलवत नाहीत, खरं सर्वांत जास्त त्यालाच माहीत असतं.

व्यवस्थापनाला आकडे लागतातच. रिॲक्शनचं प्रमाण आणि मागणीपासून पिशवी मिळेपर्यंतचा वेळ हे एनएबीएचसाठी, म्हणजे रुग्णालयांच्या दर्जाला मान्यता देणाऱ्या मंडळासाठी, द्यावेच लागतात. त्यात वाया गेलेल्या पिशव्या घाला आणि क्रॉसमॅच केलेल्या व प्रत्यक्ष लावलेल्या पिशव्यांचं गुणोत्तरही. ते गुणोत्तर दोन-अडीचच्या वर जात असेल तर कुणीतरी उगाच राखून ठेवतंय. आणि परत पाठवलेले नमुने, तीस मिनिटांचा नियम मोडलेल्या पिशव्या, खाटेपाशी पकडलेल्या अदलाबदली, हेही. पकडलेली अदलाबदल कळवणाऱ्या सिस्टरला मेमो मिळाला तर पुढची कुणी कळवणार नाही, हे मेट्रनशी आधीच बोलून ठेवा. पहिल्या तिमाहीत तुमचे शंभर टक्के साठ-सत्तरवर येतील आणि रिॲक्शन एखाद-दुसरी तरी निघेल. वरिष्ठ विचारतील की सिस्टर, अचानक कामकाज बिघडलं का? तेव्हा इश्यू रजिस्टर आणि हँडओव्हर बुक दोन्ही सोबत घेऊन जा.